पी शून्य चारशेवीस

दिवा लागला की हात जोडावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. लहानपणी तिन्हीसांजेला आजीने देवघरात दिवा लावला की आम्ही भावंडे खेळ टाकून हात जोडून उभी राहत असू. पुढे बँकेत लागलो. तिथे साहेबांच्या केबिनवर लाल दिवा लागला की आम्ही निराळ्या भावनेने हात जोडत असू. परंतु दिवा लागताक्षणी घरच्या कर्त्या पुरुषाचा चेहरा उतरला आणि कुटुंबातील सर्व माणसे गप्प झाली, असा प्रसंग आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडला, तो आमच्या मोटारीत.

हा दिवा पिवळा असतो आणि काट्यांच्या मधोमध लागतो. त्याचा आकार इंजिनाचा आहे, असे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिले आहे. गाडी २०१७ सालची. हे पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडले. मला तो आकार तोटी बसवलेल्या पाण्याच्या टाकीसारखा वाटला. आमच्या हिला ती कोंबडी वाटली. “अहो, ती कोंबडी का लागलीय?” हे तिचे पहिले वाक्य. तेव्हापासून आमच्या घरात त्या दिव्याला कोंबडी हेच नाव पडले.

पहिले चार दिवस मी सरकारी धोरण अवलंबिले, म्हणजे लक्ष दिले नाही. कोंबडी आपोआप उठून जाईल अशी आशा होती. पाचव्या दिवशी मी आरशाला लटकवलेला गणपती असा काही वळवून बसवला की त्याची माळ बरोबर दिव्यावर यावी. पण विघ्नहर्ता झाला तरी तो विघ्न हरतो, झाकत नाही. माळेतून पिवळा उजेड यायचाच. पुस्तकात एवढा दिलासा होता, की दिवा स्थिर असेल तर सावकाश पण लवकर गाडी दाखवून घ्यावी. लुकलुकत असेल तर मात्र इंजिनाचे ठोके चुकत आहेत, न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन नासधूस करील, तेव्हा गाडी बाजूला घ्या. आमचा दिवा स्थिर होता. सरळमार्गी माणसाच्या गाडीचा दिवासुद्धा स्थितप्रज्ञ असतो, असे मी हिला सांगितले. ही काही बोलली नाही.

मग चिरंजीवांनी प्रकरण हातात घेतले. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि घरातली कुठलीही वस्तू उघडण्याचा त्यांना परवाना आहे. त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी मागवली. स्टिअरिंगच्या खाली, जिथे माणसाची मान सहसा जात नाही अशा जागी, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून तो प्रत्येक गाडीला सक्तीचा झाला आणि आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ही पद्धत लागू झाली. त्यात ती डबी खोचली, की मोटारीच्या मनातले सारे मोबाइलवर वाचता येते. आठ वर्षे मी त्या गाडीत बसून तिला शिव्या दिल्या, स्तुती केली, पेट्रोल पाजले. पण तिला काय वाटते हे विचारण्याची सोय आपल्या गुडघ्यापाशीच आहे हे मला ठाऊक नव्हते. संसारातही असे असावे.

मोबाइलवर एक अक्षर आणि चार आकडे उमटले : पी-०४२०.

चिरंजीवांनी अर्थ सांगायला सुरुवात केली. पी म्हणजे इंजिन आणि गिअरचे खानदान. शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान. चार म्हणजे धुराच्या शुद्धीकरणाचे खाते. पण माझे लक्ष नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त चारशेवीस नाचत होते. वस्तुतः फसवणुकीचे कलम १ जुलै २०२४ पासून बदलले. ते आता न्याय संहितेत तीनशे अठरा झाले आहे. परंतु मोटारीला हे कुणी कळवलेले नव्हते. ती मला सरळ सरळ चारशेवीस म्हणत होती.

“आणि बाबा, खाली बघा काय लिहिलंय,” चिरंजीव हसू दाबत म्हणाले. खाली इंग्रजीत लिहिले होते : कॅटलिस्ट सिस्टिम एफिशिअन्सी बिलो थ्रेशोल्ड, बँक वन.

पंचवीस वर्षे नोकरी झाली. बँकेची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आहे, हे आजवर खातेदारांनी, ऑडिटरांनी, वर्तमानपत्रांच्या वाचकांनी आणि माझ्या सासऱ्यांनी सांगून झाले होते. आता मोटारही सांगू लागली. पुढे कळले, की इंजिनाच्या सिलिंडरांच्या ओळीलाही बँक म्हणतात आणि पहिला सिलिंडर ज्या ओळीत, ती बँक वन. आमच्या गाडीला एकच ओळ, म्हणून एकच बँक. तरीही विलीनीकरणानंतरची आमची शाखाच मला आठवत राहिली.

हा कॅटलिस्ट म्हणजे काय, ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. इंजिनातून निघालेला धूर म्हणजे एक तारखेला पेन्शनच्या खिडकीपाशी जमलेली गर्दी. कॅटलिस्ट म्हणजे हेडक्लार्क. पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या जाळीतून तो हा सारा क्षोभ गाळतो आणि विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायू करून पुढे सोडतो. त्याच्या अलीकडे एक सेन्सर असतो, काउंटरवर. आणि पलीकडे एक, साहेबांच्या केबिनमध्ये. काउंटरवरच्या सेन्सरचा काटा सारखा खालीवर होणार, हे गृहीतच आहे. हेडक्लार्क कामाचा असेल तर केबिनमधला काटा मात्र शांत राहतो. काउंटरवरचा गोंगाट जसाच्या तसा केबिनमध्ये ऐकू येऊ लागला, की यंत्र समजते, हेडक्लार्क कामातून गेला. आणि मग ते दिवा लावते.

या हेडक्लार्कच्या अंगात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असे धातू असतात. आमच्या हेडक्लार्कच्या अंगात फक्त मधुमेह होता. त्यामुळे मोटारीचा हेडक्लार्क बदलायचा म्हणजे दागिना घडवण्यासारखे आहे. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली, तर काचेच्या टेबलापलीकडच्या गृहस्थांनी गाडीकडे न बघताच चाळीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला आणि मला पाणी दिले.

त्या आठवड्यात चाळीस हजार ही माझ्यासाठी रक्कम नव्हती, थट्टा होती. कारण चिरंजीवांची फी भरण्यासाठीच मी गाडी विकायला काढली होती. गिऱ्हाईकही ठरले होते. आमच्याच शाखेतला तरुण कॅशियर. नोकरीला तीन वर्षे झालेली, घरी बायकोला सातवा महिना, गाडी पहिलीच. मी त्याला म्हटले, “रविवारी येऊन बघून घे.” तो म्हणाला, “काका, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय?” माणसाला दुसऱ्या माणसाने इतके चांगले समजू नये. फार अडचण होते.

शनिवारी रात्री चिरंजीव सहज बोलून गेले, “बाबा, तसं म्हटलं तर एक बटण दाबलं की दिवा जातो. क्लिअर कोड्स.”

“म्हणजे दुरुस्ती होते?”

“छे! नुसता दिवा जातो. बिघाड तसाच असला तर पुढच्या काही फेऱ्यांत परत लागतो. एकदा दोष दिसला की आधी गाडी मनात नोंद ठेवते, पुढच्या फेरीतही दिसला की मग दिवा लावते.”

काही फेऱ्या! म्हणजे रविवार सहज निघत होता.

इथे मला माझ्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. एकदा एका खात्यात पाचशेचे पन्नास झाले. मी ब्लेड घेतले, शाळेत खोडतात तसा आकडा हळूच खरवडला आणि नवा लिहिला. अक्षर झकास आले होते. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी (मघाचेच, मधुमेहवाले) ते पान उजेडाकडे धरले. कागद तेवढ्याच जागी पातळ झाला होता आणि त्यातून खिडकी दिसत होती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “चूक झाली तर तांबड्या शाईने एक रेघ मार, वर बरोबर आकडा लिही, शेजारी सही कर. चूक दिसली पाहिजे. चूक दिसते तोवर ती चूक असते. झाकलीस की तिची अफरातफर होते.” बँकेत सगळे मिळते, कर्ज मिळते, रजा मिळते, खोडरबर मिळत नाही. आता संगणक आला, तरी नियम तोच. चुकीची नोंद पुसायची नाही, उलट नोंद करायची. दोन्ही दिसतात.

हे सगळे मला शनिवारी रात्री आठवले. पण आपल्याला नको असलेल्या वेळी आठवणाऱ्या गोष्टींवर माणसाकडे नेहमीच उत्तर असते. माझ्याकडे चार होती. पहिले : मी खोटे कुठे बोलतोय? मी नुसता गप्प बसणार. दुसरे : यंत्राचाच अंदाज चुकला असेल. तिसरे : चिरंजीवांची फी. आणि चौथे, जे मी बी.कॉम. असल्याचा एकमेव पुरावा होते : १८७२ सालच्या करार कायद्याचे सतरावे कलम.

या कलमाखाली एक घोडा आहे. बी.कॉम. झालेल्या कुठल्याही माणसाला तो घोडा आठवेल. अ ला माहीत आहे, की घोड्यात खोड आहे. तो लिलावात ब ला विकतो आणि खोडीबद्दल काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे. हा घोडा मला परीक्षेत पाच मार्कांना आला होता आणि आता इतक्या वर्षांनी मदतीला धावून आला. दुर्दैवाने त्याच्या मागोमाग कलमाचा उरलेला भागही आठवला. ब ही अ ची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नातेच असे आहे की अ ने सांगितलेच पाहिजे. ब म्हणाला की, ‘तू नाही म्हटलं नाहीस तर मी घोडा ठाकठीक समजतो,’ आणि अ गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच. आणि त्याच्याही आधी, एका ओळीत : ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपवणे, ही फसवणूक आहे. म्हणजे दिवा जळता ठेवून मी तोंड बंद ठेवले, तर निदान कायद्याच्या दारात उभा राहू शकत होतो. पण बटण दाबले, की मी माझे तोंड नव्हे, समोरच्याचे डोळे बंद करत होतो.

एवढे सगळे स्पष्ट कळल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि बटण दाबले.

कळणे आणि वळणे यात एक मजल्याचे अंतर असते, हे मला तेव्हा समजले. मोबाइलने विचारले, “खात्री आहे ना?” यंत्रेसुद्धा पाप करण्याआधी एकदा विचारतात. मी होय म्हटले. कोंबडी उडून गेली. तिच्याबरोबर गुन्ह्याचा पंचनामाही गेला. कारण दोष सापडतो त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापले होते, हे सारे गाडी टिपून ठेवते आणि एका बटणाने तेही पुसले जाते. मला हलके हलके वाटले. लिफ्ट असून मी जिन्याने वर आलो. ही म्हणाली, “कोंबडी गेली का?” मी म्हटले, “गेली. पोरानं केलं काहीतरी.”

रविवारी कॅशियर बायकोसह आला. आम्ही तीन किलोमीटरची चक्कर मारली. गाडीने कमाल केली. इतकी चांगली ती माझ्याशी कधीच वागली नव्हती. परत आल्यावर तो म्हणाला, “काका, मी जरा एकटाच बसून बघतो.” पाच मिनिटे तो आत बसला, मोबाइलमध्ये मान घालून. मला वाटले, सासऱ्यांना फोटो पाठवत असेल. वर आला, चहा घेतला आणि कपाकडे बघत म्हणाला, “काका, गाडीत काही काम नाही ना?”

वाचकहो, हा तो घोडा! ‘तू नाही म्हटलं नाहीस तर मी ठाकठीक समजतो.’ दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातला ब माझ्या सोफ्यावर बसून मला प्रश्न विचारत होता. आणि अ ने काय उत्तर दिले? अ म्हणाला, “चहा घे, गार होतोय.”

त्याने चहा घेतला. मग ठरल्या किमतीतून पंचवीस हजार कमी करा म्हणाला. कारण सांगितले नाही. मी एका क्षणात “बरं” म्हटले. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोहारणीशी एका पातेल्यासाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या बाईने आपला नवरा पंचवीस हजार एका शब्दात सोडताना पाहिला. तिने नुसते बघितले. त्याने अकरा हजार टोकन दिले. त्याची बायको जाताना मला वाकून नमस्कार करू लागली, तेव्हा मी “अगं अगं, अशा अवस्थेत नको” असे म्हणून मागे सरलो. तिला वाटले, तिच्या अवस्थेबद्दल म्हणतोय.

त्या रात्री मला धर्मराज आठवला. द्रोणाचार्यांना त्याने अर्धेच खरे सांगितले आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आता माझ्या लक्षात आले, की तो जगातला पहिला दिवा. रथातच बसवलेले, मालकाचा दोष ताबडतोब दाखवणारे यंत्र! आणि धर्मराजाचा मोठेपणा असा, की त्याच्या जवळ डबी नव्हती.

चिरंजीव शेजारी बसून मोबाइल बघत होते. त्यांनी शांतपणे बाँब टाकला. “बाबा, पुसल्याचंही कळतं बरं का.”

“म्हणजे?”

“गाडी स्वतःच्या निरनिराळ्या तपासण्या करत असते. प्रत्येक तपासणी पुरी झाली की समोर रेडी असं येतं. कोड पुसला की बहुतेक सगळ्या परत कोऱ्या होतात. नॉट रेडी. मग गाडी बरंच चालवावी लागते, तेव्हा कुठं एकेक पुरी होते. शिवाय पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, तेही दाखवतं.”

कागद पातळ झाला होता आणि त्यातून खिडकी दिसत होती.

मग आठवले, माझा मेव्हणा कॅलिफोर्नियात असतो, त्याचे असेच झाले होते. तिथे धूर तपासणीला गाडी नेली की नव्या गाड्यांच्या नळीला यंत्र लावून भागत नाही, थेट हा सॉकेटच वाचतात. मेव्हण्याने आदल्या दिवशी बॅटरी सोडवली होती. दिवा बंद, कोड नाही, मेव्हणा खूष. त्यांनी नुसत्या त्या कोऱ्या तपासण्या पाहिल्या आणि परत पाठवले. त्या देशात तर २०१० च्या सुमाराच्या मॉडेलपासून कायमचा कोड म्हणून एक प्रकार आला आहे. तो कुठल्याच डबीने पुसता येत नाही. बिघाड दुरुस्त करा, गाडी चालवा. तो दोष आता नाही अशी गाडीचीच खात्री पटली, की ती स्वतःच तो पुसते. म्हणजे क्षमा मागून मिळत नाही. वागून मिळते. हे ज्या इंजिनिअरांनी बसवले, त्यांच्या घरी कुणीतरी माझ्या आजीसारखे असले पाहिजे.

मी ठरवले, सोमवारी त्याला सगळे सांगायचे. आणि ठरवताक्षणी दुसरा पेच पडला. मी हे सांगणार, ते मन खाते म्हणून, की पकडला जाईन म्हणून? रविवारी संध्याकाळी, पकडले जाण्याची शक्यता ठाऊक नसताना, मी सांगणार होतो का? प्रामाणिकपणे आठवून पाहिले. मन खात होते, एवढे खरे. पण खाऊन झाल्यावर ते झोपी जाण्याच्या बेतात होते.

आमच्या इमारतीत तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना मी त्यांना, एका मित्राची गोष्ट म्हणून, हा पेच घातला. (मित्र म्हटल्याबरोबर ते माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागले.) ते म्हणाले, “जुनाच प्रश्न आहे. कांटनं १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो अजाण गिऱ्हाइकालाही रास्त भावानंच माल देतो. पण धंद्याला तेच सोयीचं म्हणून देतो, की तेच योग्य म्हणून? कांट म्हणतो, फायद्यासाठी असेल तर वागणूक ठीक, पण तिच्यात नैतिक मोल नाही.”

“मग माझ्या मित्रानं सांगू नये?”

“सांगू नये असं कुठं म्हणाला कांट? सांगावं. फक्त स्वतःची पाठ थोपटू नये.”

हा सल्ला मला फार आवडला. मार्क मिळणार नाहीत हे कळूनही पेपर लिहायचा असतो, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना नवे नाही.

दुपारी मी कॅशियरला शाखेसमोरच्या टपरीवर नेले. दोन कटिंग सांगितले आणि घशाशी आलेले एका दमात बोलून टाकले. दिवा, कोड, बटण, चहा गार होतोय, सगळे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “काका, मला रविवारीच कळलं होतं.”

माझ्या हातातला ग्लास डोलला.

“माझ्याकडेही आहे ती डबी. खाली बसलो होतो ना, तेव्हाच लावून बघितली. पुसल्यापासून तीन किलोमीटर. म्हणजे आपण चक्कर मारली तेवढीच.”

“मग बोलला का नाहीस?”

“विचारलं की मी. काही काम नाही ना, म्हणून.”

“हो. विचारलंस.”

“मग म्हटलं, पंचवीस हजार कमी करून घेऊ. आणि बघू, काका सांगतात का. बुधवारपर्यंत थांबणार होतो.”

आता हे पाहा. तो गप्प बसला होता, मीही गप्प बसलो होतो. मी दिवा लपवला; त्याने तो लपवलेला दिवा पाहिला, हे लपवले आणि त्याची पंचवीस हजार किंमत लावली. हिशेबाला म्हटले तर दोन्ही बाजू जुळत होत्या. पण जुळलेला ताळेबंद पाहून होते ते समाधान मला काही झाले नाही. मी विचारले, “आणि बुधवारपर्यंत सांगितलं नसतं तर?”

त्याने उत्तर दिले नाही. रस्त्याकडे बघत राहिला. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत. नोकरीला तीन वर्षे झालेला पोरगा माझ्या चहाचे पैसे देतो, म्हणजे काय, ते मला तिथे उभ्या उभ्या समजले. पंचवीस हजार गेले, त्याचे काही नव्हते. “तुमची गाडी म्हणजे बघायचं काय?” हे वाक्य गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून गाडी एका साध्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. मामांनी कोड ऐकला आणि म्हणाले, “कोड म्हणजे निकाल नव्हे हो. कोड म्हणजे तक्रारअर्ज. चौकशी करायची असते.” त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि खाली पाइपाच्या जोडापाशी काजळीचा एक काळा ओरखडा दाखवला. मागच्या सेन्सरच्या जरा अलीकडे जोडातले गॅस्केट गेले होते. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर बिचकत होता. म्हणजे हेडक्लार्क शाबूत होता! साहेबांच्या केबिनची खिडकी उघडी राहिली होती, रस्त्यावरचा गोंगाट आत येत होता आणि साहेब समजत होते, की हेडक्लार्क काम करत नाही. गॅस्केट, नटबोल्ट आणि मजुरी धरून बिल झाले अठराशे रुपये.

अठराशे! मी ज्या पापासाठी झोप घालवली, तरुण सहकाऱ्याच्या डोळ्यांतून उतरलो, कांटपर्यंत जाऊन आलो, ते पाप अठराशे रुपयांचे निघाले. दिवा मला एवढेच सांगत होता, की खिडकी लावून घे. मी त्याचेच तोंड बंद केले.

मग मामांनी स्वतः कोड पुसला. तेच बटण, तीच डबी. बटणात पाप नव्हते, आधी आणि नंतर यात होते. “आधी रोग, मग दिवा,” मामा म्हणाले. “आता जरा लांब चालवून आणा. सगळं रेडी आलं की समजायचं, बरी झाली.”

कॅटलिस्टची तपासणी पुरी व्हायला गाडी काही वेळ एका वेगाने चालावी लागते. कोथरूडमध्ये एका वेगाने फक्त घरभाडे चालते. तेव्हा रविवारी पहाटे मी, कॅशियर आणि मागच्या सीटवर चिरंजीव असे तिघे सातारा रस्त्याला लागलो. कात्रजचा बोगदा गेला, खेड-शिवापूरचा टोलनाका गेला. चिरंजीव मागून निकाल वाचल्यासारखे वाचत होते, “ऑक्सिजन सेन्सर, रेडी. हीटर, रेडी.” कॅटलिस्ट काही होईना. शिरवळला मिसळ खाल्ली. परतीच्या वाटेवर सकाळच्या मोकळ्या रस्त्याने कॅशियर स्वतः सत्तरच्या वेगाने गाडी चालवत होता, कुणी बोलत नव्हते, आणि मागून आवाज आला, “कॅटलिस्ट, रेडी.”

कॅशियर म्हणाला, “काका, आता पंचवीस हजार कमी घेणं बरोबर नाही.” मी म्हटले, “नाही नाही, ठरलं ते ठरलं.” तो वर चढवत होता, मी खाली ओढत होतो, असा उलटा भाव पुण्याच्या हद्दीत याआधी कुणी केला असेल असे वाटत नाही. शेवटी साडेबारा हजारांवर तोडगा निघाला. चूक दोघांनी निम्मी निम्मी वाटून घेतली.

आता ती गाडी रोज शाखेच्या दारात उभी असते. त्याला मुलगी झाली. पेढे देताना तो पूर्वीसारखाच “काका” म्हणाला. जवळजवळ पूर्वीसारखाच. माझ्या काही तपासण्या अजून कोऱ्या आहेत, एवढे मला कळते. त्यांना वेळ लागेल आणि एका वेगाने चालावे लागेल.

राहता राहिली ही. गाडी मामांकडे नेली ती सर्व्हिसिंगला आणि शिरवळला गेलो ते मिसळ खायला, एवढेच तिला ठाऊक आहे. त्या रविवारी रात्री तिने विचारले होते, “अहो, पंचवीस हजार एका शब्दात कसे सोडलेत?” मी म्हटले, “काही नाही, असंच.” तिने मान हलवली. पहिल्या वेळी नुसती नोंद होते, दिवा लागत नाही. हा लेख छापून आला, की ती तो वाचेल. दुसरी फेरी पुरी होईल आणि दिवा लागेल. यावेळी मी हात जोडून उभा राहणार आहे.